अंड्यांतील न दिसणारें

पक्ष्याला संस्कृत भाषेनें 'द्विज' असें नांव दिलें आहे. एकदां अंडें म्हणून आणि पुन्हां पिलूं म्हणून तो दोनदां जन्मतो, ही त्या नांवाची उपपत्ति होय. कोंबडीच्या बाबतींत ऊब मिळूं लागल्यापासून दुसऱ्या जन्मापर्यंत सुमारें २१ दिवस जातात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजोळीं अंडें हा शब्द स्वयंपाकघरांत उच्चारण्याचीहि सोय नसेल. तरी पण ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें त्यांनीं शेजारच्या अंगणांत खुडूक कोंबडी टोपलींत बसविलेली पाहिली असेल, आणि एके दिवशीं कवचाला आंतून टोंच पडून ओलें, थरथरणारें पिलूं बाहेर आलेलें पाहून क्षणभर त्यांची मति गुंग झाली असेल. ताजें अंडें फोडलें तर पांढऱ्या व पिवळ्या बलकावांचून त्यांत कांहींच दिसत नाहीं. मग चोंच, डोळे, पिसें आणि धडधडणारें हृदय हीं आलीं कोठून?

या प्रश्नाचीं ढोबळ उत्तरें दोन, आणि तीं दोन्ही आपल्याकडील दर्शनकारांस चांगलीं परिचित होतीं. कार्य हें कारणांत आधींपासूनच असतें, तें केवळ प्रकट होतें, असें सांख्य म्हणतात, हा सत्कार्यवाद. उत्पत्तीपूर्वीं कार्य नसतें, तें नव्यानें निर्माण होतें, असें नैयायिक म्हणतात, हा असत्कार्यवाद. मोराच्या अंड्यांतील रसांत त्याच्या पिसाऱ्याचे सर्व रंग अव्यक्त स्वरूपांत असतात, हा मयूराण्डरसाचा दृष्टान्त पहिल्या मताशीं सहज जुळतो. तंतूंपासून पट हा नवाच पदार्थ उत्पन्न होतो, हें दुसऱ्या पक्षाचें नेहमींचें उदाहरण. यूरोपांत हाच वाद अंडीं फोडून, दिवसामागून दिवस पाहून, आणि पुढें सूक्ष्मदर्शक यंत्र लावून लढला गेला. त्याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. केवळ नांवें व सन देणें हा आमचा हेतु नाहीं. या वादांत दोन्ही पक्षांस वेळोवेळीं न दिसणाऱ्या वस्तूंचा आश्रय करावा लागला. आणि न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवण्याच्या सर्व रीती सारख्याच योग्यतेच्या नसतात, ही गोष्ट त्या इतिहासावरून चांगली ध्यानांत येते.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या प्राणिविषयक ग्रंथाच्या सहाव्या भागांत कोंबडीच्या अंड्याचा क्रमवार वृत्तान्त दिला आहे. तीन दिवस व तीन रात्री उलटल्यावर गर्भाची पहिली खूण दिसते. रक्ताच्या ठिपक्यासारखें हृदय दृष्टीस पडतें, आणि तो ठिपका सजीव असल्याप्रमाणें उडत असतो, असें त्याचें निरीक्षण आहे. पुढें लॅटिन पंडितांनीं या ठिपक्यास 'उडता बिंदु' या अर्थाचें नांव दिलें. या बिंदूची संगत आम्हांस लेखाच्या शेवटपर्यंत सोडावयाची नाहीं. अ‍ॅरिस्टॉटलच्या मतें पिलाचे अवयव सर्व एकदम नव्हे तर एकामागून एक निर्माण होतात, आणि त्यांत हृदय पहिलें.

त्यानंतरच्या कित्येक शतकांत अंडीं फोडण्यापेक्षां अ‍ॅरिस्टॉटलचा ग्रंथ वाचणेंच बहुतेक विद्वानांस सोयीचें वाटलें. हा प्रघात सोळाव्या शतकाच्या सुमारास इटलींत मोडूं लागला. पादुआच्या विद्यापीठांत फाब्रिकियस हा शरीरशास्त्राचा नामांकित अध्यापक होता. अंडें व पिलूं यांच्या घडणीवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १६२१ सालीं, प्रसिद्ध झाला. त्यांतील चित्रें सुरेख आहेत, पण निष्कर्ष चुकला आहे. बलकाच्या दोन टोंकांस जे पिळदार पांढरे दोर असतात त्यांपासून पिलूं घडतें असें त्यानें मानलें. ही चूक त्याच्याच शिष्यानें दुरुस्त केली. विल्यम हार्वे हा इंग्रज तरुण पादुआ येथें शिकून १६०२ सालीं पदवीधर झाला होता. रक्ताभिसरणावरील त्याच्या १६२८ च्या सुप्रसिद्ध ग्रंथांतहि अंडें आहेच. चार-पांच दिवस उबविलेलें अंडें कवच काढून कोमट पाण्यांत ठेवलें असतां पुसट ढगासारख्या गर्भांत एक तांबडा बिंदु दिसे. आकुंचनाबरोबर तो दिसेनासा होई आणि प्रसरणाबरोबर टांचणीच्या टोंकाएवढा पुन्हां प्रकट होई. दिसणें आणि न दिसणें यांच्या सीमेवरच हार्वेनें प्राणाचा आरंभ पाहिला.

प्राण्यांच्या उत्पत्तीवरील त्याचा मोठा ग्रंथ १६५१ सालीं बाहेर पडला. बलकावर जो लहानसा पांढरा डाग असतो तोच पिलाचें मूलस्थान होय, असें त्यानें दाखविलें, आणि अवयव एकामागून एक नव्यानें रचले जातात या मताचा जोरानें पुरस्कार केला. गुरूविषयीं आदर ठेवून त्यानें गुरूचें खंडन केलें. अ‍ॅरिस्टॉटलविषयीं आदर ठेवून त्याच्याशींहि मतभेद दर्शविला, कारण हृदयाच्याहि आधीं रक्त उत्पन्न होतें असें त्याला वाटे. इंग्लंडांतील यादवी युद्धाच्या धामधुमींत त्याच्या बिऱ्हाडावर धाड पडून कीटकांच्या उत्पत्तीवरचीं त्याचीं टिपणें कायमचीं नाहींशीं झालीं. अंड्यावरचें लिखाण वांचलें हें विद्येचें भाग्यच म्हणावयाचें.

हार्वेची मदार डोळे आणि साधें भिंग यांवर होती. बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र होतें. त्यानें १६७२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे अंड्यावरचे दोन निबंध धाडले. त्यांतील चित्रांत पाठीच्या दोन्ही बाजूंस ओळीनें बसलेले खंड, मेंदूचे फुगवटे आणि रक्तवाहिन्यांचें जाळें हीं सर्व दिसतात. हार्वेला जें चौथ्या दिवशीं दिसलें त्याची तयारी त्याच्या पुष्कळ आधीं झालेली असते, हें त्यावरून उघड झालें. परंतु या सूक्ष्मतेंतून एक विलक्षण अनुमान निघालें. कोंबडीनें न उबविलेल्या अंड्यांतहि माल्पिगीला गर्भाची आकृति आढळली होती. तीं अंडीं ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यांतलीं होतीं आणि जरूर ती ऊब त्यांस हवेंतूनच मिळाली असावी, याकडे पुढच्या लोकांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं. यंत्र जितकें चांगलें तितका आधींचा गर्भ दिसतो. तेव्हां आणखी चांगलें यंत्र मिळाल्यास अगदीं आरंभींहि सर्व अवयव दिसतील, असा तर्क ते करूं लागले. यूरोपांत सत्कार्यवादास असें यंत्राचें बळ मिळालें.

अठराव्या शतकांत या पक्षाचा एक धुरीण आल्ब्रेख्ट फॉन हालर हा होता. हा स्विस पुरुष वैद्य, कवि आणि वनस्पतिशास्त्रज्ञ असून त्याच्या शब्दाला सर्व यूरोपांत वजन होतें. पिलाच्या हृदयाच्या घडणीवर त्यानें १७५८ सालीं ग्रंथ लिहिला. त्यांतील एक युक्तिवाद असा: बलकाचें आवरण पिलाच्या आंतड्याच्या आवरणाशीं अखंड जोडलेलें असतें, बलक तर नराचा संबंध येण्यापूर्वींच कोंबडीच्या पोटांत तयार असतो, अर्थात् पिलूंहि पूर्वींपासूनच असलें पाहिजे. मग तें दिसत कां नाहीं? त्याचे भाग पारदर्शक व अत्यंत मृदु असल्यामुळें दिसत नाहींत, एवढेंच. ते आहेत यांत शंका नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १७५९ सालीं, हाल्ले येथें कास्पार फ्रीड्रिख वोल्फ या पंचविशींतील तरुणानें आपला प्रबंध सादर केला. त्यानें बलकावरील रक्तवाहिन्यांचें जाळें तासातासानें पाहिलें होतें. आरंभीं तेथें नुसतें कणांचें पटल असतें; मग त्यांत भेगा पडून बेटें होतात; आणि पुढें त्या भेगांच्याच वाहिन्या बनतात. हालरच्या पारदर्शकतेला त्याचें उत्तर साधें व मार्मिक होतें. ज्या कणांचे अवयव बनतात ते कण जर यंत्रांतून स्वच्छ दिसतात, तर त्या कणांनीं बनलेला, म्हणजे त्यांहून मोठा, अवयव लहानपणामुळें दिसत नाहीं असें कसें म्हणावें? पिलाचें आंतडें आरंभीं सपाट पापुद्र्यासारखें असून तो पापुद्रा वळून त्याची नळी बनते, हें त्यानें १७६८ च्या सुमारास दाखविलें. हालरचें समाधान मात्र झालें नाहीं.

येथें वोल्फच्या गळ्यांत माळ घालून मोकळें व्हावें असा मोह होतो. परंतु न्यायाच्या आसनावर बसणारानें घाई करूं नये. कणांनीं एकाएकीं सुव्यवस्थित आकार कां घ्यावा, हा प्रश्न वोल्फलाहि सुटला नव्हता. त्यासाठीं त्यानें एका 'मूलभूत शक्ती'ची कल्पना केली. ती शक्ति कोणी पाहिली नव्हती, मोजली नव्हती, किंवा ती नसती तर काय झालें असतें याची परीक्षाहि केली नव्हती. हालरनें न दिसणारे अवयव मानले, वोल्फनें न दिसणारी शक्ति मानली. एकाच्या हातीं सबब होती, दुसऱ्याच्या हातीं नुसतें नांव होतें. दोघेहि प्रामाणिक व बुद्धिमान होते. पण आपण चुकत असल्यास तें कसें कळेल, हें दोघांपैकीं कोणालाहि सांगतां आलें नाहीं.

वोल्फ पुढें रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें गेला. त्याचा आंतड्यावरील लॅटिन निबंध मेकेल यानें १८१२ सालीं जर्मन भाषेंत आणला, आणि मग या विषयास पुन्हां चलन मिळालें. व्युर्त्सबुर्ग येथें डोलिंगर हा अध्यापक अंड्यावर नव्यानें काम करणारा शिष्य शोधत होता. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर याला तें काम हवें होतें. पण अंडीं, तीं उबविण्याचें साधन आणि चित्रकार यांचा खर्च त्याच्या ऐपतीबाहेरचा होता. म्हणून त्यानें रिगाच्या एका पेढीवाल्याच्या मुलाची, म्हणजे आपला मित्र ख्रिश्चन पांडर याची, त्या कामीं योजना केली. पांडरनें दोन हजारांवर अंडीं फोडलीं आणि १८१७ सालीं दाखवून दिलें कीं, आरंभीचा गर्भ हा एकावर एक पसरलेल्या पापुद्र्यांचा असतो व त्यांतूनच पुढील सर्व अवयव निघतात. बेअरनें १८२८ सालीं हें तत्त्व सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांस लागू करून गर्भविज्ञानाचा पाया घातला. गर्भांत आधींच तयार असलेलें इवलेंसें पिलूं शोधण्याचा नाद तेव्हांपासून बहुतेक सुटला.

त्या नादाची जागा पेशीनें घेतली. श्वान यानें १८३९ सालीं प्राण्यांचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं असतात असें प्रतिपादिलें. पेशी ही पेशीपासूनच जन्मते हें रेमाक यानें गर्भांत पाहिलें. आणि फिर्खो यानें १८५८ सालीं पेशी हाच आरोग्य व रोग यांचा आधार ठरविला. हें सर्व खरेंच होतें. परंतु प्रत्येक मोठ्या सत्याची एक सावली पडते. पेशींवर दृष्टि खिळल्यामुळें पेशींच्या मधल्या जागेकडे पाहण्याची जरूरी वाटेनाशी झाली. तेथें कांहीं चिकट द्रव्य व कांहीं तंतु असतात हें माहीत होतें. हाडें व कातडीं उकळून सुतार ज्या सरसानें लांकूड जोडतो तो सरस यांतलाच; म्हणून त्या तंतुमय प्रथिनास 'सरस देणारें' या अर्थाचें कोलॅजेन हें नांव पडलें. भिंत पाहणारा विटा मोजतो, चुन्याची चौकशी करीत नाहीं. तसेंच हें झालें. चुना विटांस धरून ठेवतो, यापलीकडे त्याचें काम काय असणार?

या समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट अंड्यांतच लपली होती. बाझल येथील विल्हेल्म हिस यानें १८६८ सालीं पिलाच्या गर्भांत एक चिंचोळा पट्टा पाहिला. पाठीवर मज्जानलिका मिटत असतां तिच्या आणि बाहेरील कातडीच्या मध्यें तो असतो, म्हणून हिसनें त्याला 'मधला पट्टा' असेंच नांव दिलें. या पट्ट्यांतील पेशी जागच्या जागीं राहत नाहींत. त्या निघतात, खंडांमधून वाट काढतात, आणि दूरवर जाऊन कोणी मज्जातंतूंच्या गांठी, कोणी कातडीचा रंग, कोणी चेहऱ्याचीं हाडें बनतात. निकोल ल दुआरां या फ्रेंच विदुषीनें १९६९ सालीं लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भांत रोवून त्यांचा प्रवास ओळखण्याची युक्ति प्रसिद्ध केली. लाव्याच्या पेशीचें केंद्र रंगविलें असतां निराळें दिसतें, म्हणून पाहुणा कोठवर पोंचला तें कळतें. आतां एक नवाच प्रश्न उभा राहिला. या पेशी जातात, हें कबूल. पण त्या चालतात कशावरून? विटा चालूं लागल्यावर चुन्याकडे लक्ष जाणारच.

दरम्यान अंड्याच्या अभ्यासाची रीतहि बदलली होती. गर्भ कवचाबाहेर कांचेच्या बशींत वाढवून त्यावर प्रयोग करण्याचें काम वॅडिंग्टन यानें १९३० नंतरच्या वर्षांत केंब्रिज येथें सुरू केलें. न्यू यानें १९५५ सालीं बलकावरील पातळ पडदा कांचेच्या कड्यावर ताणून त्यावर गर्भ वाढविण्याची सोपी पद्धत दिली. त्यापूर्वीं, १९५१ सालीं, हॅम्बर्गर व हॅमिल्टन यांनीं पिलाच्या वाढीच्या ४६ पायऱ्या ठरवून दिल्यामुळें निरनिराळ्या देशांतील संशोधकांस एकाच पायरीविषयीं बोलतां येऊं लागलें होतें. या मंडळींत महाराष्ट्रहि होता, हें सांगण्यास आम्हांस संतोष वाटतो. पुण्याच्या लीला मुळ्हेरकर यांनीं वॅडिंग्टन यांच्या एडिंबरो येथील प्रयोगशाळेंत कोंबडीच्या गर्भावर काम केलें. आद्यरेषेच्या बाजूच्या भागांवरील त्यांचा निबंध १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. आणि पुणें विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांत त्यांनीं हीच विद्या विद्यार्थ्यांच्या हातीं दिली.

आद्यरेषा म्हणजे काय हें येथें सांगितलें पाहिजे. ऊब मिळाल्यानंतर सुमारें १८ तासांत बलकावरील त्या पांढऱ्या चकतीवर मधोमध एक रेघ उठते. वरच्या थरांतील पेशी या रेघेकडे सरकत येतात, आंत बुडी घेतात आणि खालीं पसरतात; त्यांच्यापासूनच पुढें स्नायु, रक्त, हाडें आणि हृदय बनतें. हृदयाच्या पेशी रेघेंतून आंत शिरल्यावर दोन बाजूंस जातात आणि मग पुन्हां पुढें येऊन मध्यरेषेवर परस्परांस मिळतात. त्यांच्या भेटींतून एक नळी होते, आणि दुसऱ्या दिवसाच्या पूर्वार्धांतच, सुमारें ३३ ते ३८ तासांच्या दरम्यान, ती उडूं लागते. त्या दोन तुकड्यांस भेटूं दिलें नाहीं तर दोन निरनिराळीं हृदयें उडूं लागतात, हें प्रयोगानें सिद्ध झालेलें आहे. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचा तो एकटा बिंदु मुळांत दोन प्रवाशांची गांठ आहे.

हे प्रवासी ज्यावरून चालतात त्या पेशीबाह्य द्रव्याचा शोध अनेक हातांनीं लागला. बशींत एकट्या वाढविलेल्या पेशींपासून स्नायु बनावा म्हणून इतर पेशी ज्यांत राहिल्या होत्या असें द्रव लागे. हाउश्का व कोनिग्सबर्ग यांनीं १९६६ सालीं दाखविलें कीं, बशीच्या तळाशीं कोलॅजेनचा लेप दिला तरी तेंच काम होतें. एलिझाबेथ हे व स्टीफन मायर यांनीं पिलाच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरील पेशी सोडवून घेतल्या व त्या भिंगाच्या निर्जीव आवरणावर ठेवल्या. त्या आवरणांत एकहि जिवंत पेशी उरली नव्हती, तरी त्याचा स्पर्श होतांच वरच्या पेशी जोमानें नवें कोलॅजेन विणूं लागल्या. हा वृत्तान्त १९७४ चा. ज्याला आजवर नुसता चुना समजत होते तो विटांशीं बोलतो, असेंच जणूं त्यावरून दिसून आलें.

त्याच सुमारास पेशींच्या पृष्ठभागावरील एक मोठें प्रथिन निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या नांवांनीं सांपडलें. यामादा व वेस्टन यांनीं १९७४ सालीं तें कोंबडीच्या गर्भाच्याच पेशींतून वेगळें काढलें. तेंच द्रव्य रक्तांतहि असून १९४८ पासून माहीत होतें, हें मागाहून ध्यानांत आलें. शेवटीं सर्वांनीं मिळून त्यास फायब्रोनेक्टिन हें एकच नांव मान्य केलें. तंतु आणि जोडणें या दोन लॅटिन शब्दांपासून तें बनलें आहे. १९७९ सालीं टिंपल प्रभृतींनीं लॅमिनिन या दुसऱ्या प्रथिनाची ओळख करून दिली. पेशींच्या थराखालीं जें पातळ आधारपटल असतें त्याचा हा मुख्य घटक.

हीं द्रव्यें गर्भांत दिसावीं कशीं? येथेंच जुन्या व नव्या रीतींतला भेद स्पष्ट होतो. हें जाळें हालरच्या अवयवांइतकेंच पारदर्शक आहे; साध्या यंत्राखालीं तें दिसतच नाहीं. परंतु तें आहे असें म्हणून कोणी स्वस्थ बसलें नाहीं. एखाद्या प्राण्याच्या शरीरांत परकें प्रथिन टोंचलें असतां त्याच्या रक्तांत त्या प्रथिनासच नेमका चिकटणारा प्रतिपिंड तयार होतो. कून्स यानें १९४१ च्या सुमारास अशा प्रतिपिंडास चकाकणारा रंग जोडण्याची युक्ति काढली होती. तो गर्भाच्या पातळ कापावर सोडला कीं ज्या ठिकाणीं तें प्रथिन असेल तेवढेंच ठिकाण अंधारांत उजळतें. क्रिचली प्रभृतींनीं १९७९ सालीं, आणि द्युबां व तिएरी यांनीं १९८२ सालीं, कोंबडीचा आरंभींचा गर्भ अशा रीतीनें पाहिला. वरच्या थराच्या तळाशीं फायब्रोनेक्टिनचें अस्तर पसरलेलें त्यांस दिसलें. आद्यरेषेपाशीं, पेशी जेथें आंत बुडी घेतात नेमक्या तेथेंच, तें अस्तर तुटलेलें होतें. हिसच्या मधल्या पट्ट्यांतील पेशी ज्या वाटांनीं जातात त्या वाटांवरहि तेंच प्रथिन पसरलेलें आढळलें.

परंतु वाटेवर वस्तु सांपडली म्हणजे ती वाटच आहे असें सिद्ध होत नाहीं. रस्त्यावर पडलेला धोंडा प्रवाशाला नेतो असें कोणी म्हणत नाहीं. म्हणून पुढची परीक्षा झाली. लिनास्क व लॅश यांनीं १९८६ सालीं दाखविलें कीं, हृदयाच्या पेशी मध्याकडे निघतात तेव्हां त्यांच्या आणि खालच्या थराच्या मध्यें फायब्रोनेक्टिन असतें. दोन वर्षांनीं त्यांनीं गर्भाच्या बशींत फायब्रोनेक्टिनचा प्रतिपिंड घालून तें प्रथिन झांकून टाकलें. हृदयाच्या पेशी वाटेंतच थबकल्या. आणि प्रतिपिंडाच्या मात्रेप्रमाणें हा परिणाम कमी-अधिक होई. १९८६ सालींच पेशीच्या अंगावरील ज्या प्रथिनानें ती या जाळ्यास धरते त्याची घडण कोंबडीच्याच पेशींवरून उलगडली. त्यास इंटेग्रिन म्हणतात. त्याचें एक टोंक बाहेर जाळ्याला धरतें आणि दुसरें आंत पेशीच्या सांगाड्याला. पुढें १९९३ सालीं फायब्रोनेक्टिन मुळींच बनवूं न शकणारे उंदराचे गर्भ तयार करण्यांत आले; त्यांत पाठीचे खंड बनले नाहींत, आणि ते जन्मापूर्वींच मेले. वोल्फच्या शक्तीची अशी परीक्षा कोणालाहि घेतां आली नव्हती. ती काढून घ्यावयाची कोठून?

आतां वाचक म्हणतील कीं, ठीक आहे. पेशी हे प्रवासी आणि जाळें हा रस्ता, एवढ्यानें प्रकरण संपलें. आम्हांसहि तसेंच म्हणावयास आवडलें असतें. परंतु २००८ सालीं झामिर, राँगिश व लिटल यांनीं जिवंत पक्षिगर्भांत फायब्रोनेक्टिनला चकाकता प्रतिपिंड लावून पेशी आणि जाळें या दोहोंचीं एकाच वेळीं चित्रें घेतलीं. आद्यरेषा बनत असतां वरच्या थरांतील पेशींबरोबर त्यांच्या खालचें जाळेंहि वाहत जातें असें त्यांस दिसलें. ज्याला पेशीचें चालणें म्हणत होतों त्यांतील बराचसा भाग रस्त्यासकट सरकण्याचा होता. होडींत बसलेला मनुष्य काठावरून पाहणारास पुढें गेलेला दिसतो, पण तो पायांनीं चाललेला नसतो. तसाच हा प्रकार. रस्त्याचा दृष्टान्तहि अशा रीतीनें अपुरा ठरला. मात्र तो अपुरा ठरूं शकला, हाच त्याचा गुण.

मग तो जुना वाद कोणी जिंकला? पिलूं बीजांत आधींपासून असतें काय? इवलेंसें पिलूं तेथें नसतें, हें हार्वे आणि वोल्फ यांनीं बरोबर ओळखलें. पण सर्व कांहीं शून्यांतून येतें असेंहि नाहीं. फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, कोलॅजेन कसें बनवावें याची कृति प्रत्येक पेशीला आई-बापांकडून वारशानें मिळालेली असते. कृति मिळते, पट मिळत नाहीं. पट विणावा लागतो. आणि नैयायिकांनीं आपल्या उदाहरणांत ज्याचा विचार केला नव्हता असा एक चमत्कार येथें आहे. येथें विणकर आपल्या अंगांतून सूत काढतो, तें पसरतो, त्यावरूनच चालतो, आणि त्या विणलेल्या पटाच्या स्पर्शानें आपण पुढें काय व्हावयाचें हें त्याचें त्यालाच उमगतें. मोराच्या अंड्यांतील रसांत रंग नसतात; रंग विणण्याची परंपरा असते.

न दिसणाऱ्याविषयींची गोष्ट मात्र याहून महत्त्वाची आहे. हालरनें सांगितलेलें पारदर्शक पिलूं खोटें ठरलें आणि तितकेंच पारदर्शक असलेलें हें जाळें खरें ठरलें. दोन्ही डोळ्यांना दिसत नव्हतीं. तेव्हां भेद दिसण्या-न दिसण्यांत नाहीं. एकानें न दिसण्याला आपल्या मताची ढाल केली. दुसऱ्यांनीं न दिसण्याला आपल्या मतावरचा आक्षेप मानून त्याचें उत्तर दिलें. आपल्या घरांत, समाजांत आणि इतिहासांतहि न दिसणाऱ्या गोष्टींच्या जोरावर मोठमोठे सिद्धान्त रोज उभे केले जातात. एखाद्या समाजाच्या रक्तांतच अमुक गुण आहे, तो सध्यां दिसत नाहीं इतकेंच, असें कोणी सांगूं लागला म्हणजे त्याला हालरचा वारस समजावें, आणि तुमचें म्हणणें चुकीचें असेल तर तें आम्हांस कशावरून कळेल, एवढेंच त्यास नम्रपणें विचारावें. उत्तर मिळालें तर पुढें ऐकावें.

अ‍ॅरिस्टॉटलनें पाहिलेला तो तांबडा बिंदु आजहि प्रत्येक उबविलेल्या अंड्यांत उडत असतो. त्याच्या आधींचे दीड दिवस आतां आपणांस थोडेफार वाचतां येऊं लागले आहेत, आणि त्यांत हृदयाच्या पेशींइतकाच त्यांच्या मधल्या जागेचा वांटा आहे. ती जागा रिकामी नव्हती. आपण तिच्याकडे पाहत नव्हतों.